10 लाखांच्या खाली काय घडतं?

'ई-निविदांमुळे पारदर्शकता वाढली का?' हा विषय सिनॉप्सिससाठी सोपा वाटतो. महाटेंडर्स पोर्टल समोर असतं, आकडे फुकट मिळतात. वर्षवार निविदा मोजायच्या, आलेख काढायचा, झालं. या पद्धतीवर माझा आक्षेप आहे, आणि तो समजून घ्यायला रत्नागिरी जिल्हा चांगला.

महाराष्ट्रात 2014 मध्ये 3 लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा सक्तीची झाली. 2021 मध्ये कामांसाठी ही मर्यादा 10 लाखांवर नेली. आता आपल्याकडची कामं डोळ्यांपुढे आणा: वाडीकडे जाणारी पाखाडी, पऱ्यावरचा साकव, दरडीच्या जागची संरक्षक भिंत, विहिरीची दुरुस्ती. असली कामं सहज 3 ते 10 लाखांच्या पट्ट्यात बसतात. म्हणजे 2021 नंतर ती पोर्टलवर आणण्याचं बंधनच उरलं नाही.

याचा आलेखावर काय परिणाम होतो? निविदांची संख्या घटते, सरासरी रक्कम वाढते. मोठ्या कामांना बोली लावणारे जास्त असतील तर दर निविदेमागे बोलीदारही वाढलेले दिसतील. मग कुणीतरी निष्कर्ष काढणार, 'स्पर्धा वाढली!' अहो, मोजायचं उपकरण बदललंय. रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये मध्येच डिटेक्शन लिमिट बदलली आणि आधीचे-नंतरचे नमुने एकाच रेषेत जोडले, तर गाइड वही परत करतील. इथे मात्र ते चालून जातं.

मर्यादा इतक्या सहज कशी हलते, हेही बघा. सरकारी खरेदीसाठी आपल्याकडे सर्वसमावेशक कायदा नाही. केंद्राचं 2012 चं विधेयक लोकसभेबरोबर 2014 मध्ये व्यपगत झालं. महाराष्ट्राने 2023 मध्ये वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीपुरता कायदा केला, बाकी कारभार शासन निर्णयांवर चालतो. शेजारच्या कर्नाटकात 1999 पासून कायदा आहे आणि निविदेतून सूट देणारी रक्कम त्याच्या कलमातच लिहिलेली आहे. ती बदलायची तर विधिमंडळात जावं लागतं.

या विषयावर पालगुता आणि पेर्टोल्ड यांचा 2017 चा झेक प्रजासत्ताकावरचा पेपर बरेच जण वाचतात. वाचाच. तिथे 2006 च्या सुधारणेनंतर ठरावीक रकमेखाली कोणाला बोली लावू द्यायची हे कार्यालयालाच ठरवता येऊ लागलं, आणि अंदाजित रकमा नेमक्या त्या रेषेच्या खाली गोळा झाल्या. पेपर उत्तम आहे, पण 'हीच पद्धत महाराष्ट्राला लावू' असं लिहिण्याआधी थांबा. त्यांना रेषेच्या दोन्ही बाजू दिसत होत्या. महाटेंडर्सवर आपल्याला एकच दिसते. 9 लाख 90 हजारांची दहा कामं शेजारीशेजारी निघाली, तरी पोर्टलला पत्ता नाही. एका कामाचे तुकडे पाडलेत का, हा मूळ प्रश्न, आणि त्याचा पुरावा बरोबर न दिसणाऱ्या बाजूला.

मग करायचं काय? पोर्टलचीच माहिती वापरणार असाल, तर सगळ्या वर्षांसाठी फक्त 10 लाखांवरची कामं घ्या आणि तसं स्पष्ट लिहा. खालच्या बाजूसाठी मात्र कागदच हवेत: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक. माहिती अधिकाराच्या कलम 2(ञ) मध्ये अभिलेखांची आणि प्रत्यक्ष कामाचीही पाहणी येते, साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. (विज्ञानवाल्यांनी हे वापरायला हवं, काँक्रीट तपासणं आपलंच काम.) शिवाय 2018 च्या शासन निर्णयाने दर सोमवारी दुपारी 3 ते 5 जिल्हा परिषदेसारख्या कार्यालयांत अभिलेख बघण्याची सोय केली आहे.

एक नवी अडचण आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम 8(1)(ञ) बदललं, आणि तो बदल नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाला. आता 'वैयक्तिक माहिती' एवढंच कारण नकाराला पुरू शकतं. छोटी कामं घेणारे कंत्राटदार बहुतेकदा स्वतःच्या नावावर काम करतात, त्यामुळे काम कुणाला मिळालं हीच माहिती 'वैयक्तिक' ठरवली जाऊ शकते. कलम 8(2) मधली सार्वजनिक हिताची तरतूद अजून आहे. पहिल्या अपिलात ती नावानिशी मांडा. अर्जात नावाआधी कामाचा क्रमांक, अंदाजित रक्कम आणि कार्यारंभाची तारीख मागा. तुकडे पाडलेत का ते तपासायला एवढं पुरतं.