भिंतीपर्यंत आणि परत

आज आम्हाला एका उदाहरणावर टीका करायची आहे. उदाहरण साधं आहे, नववीच्या मुलांना पाठच असतं. भिंतीपासून ५१ मीटरवर टाळी वाजवली, आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर, तर प्रतिध्वनी किती वेळाने ऐकू येईल? आवाज जाताना ५१, येताना ५१, म्हणजे १०२ मीटर. भागिले ३४०, उत्तर ०.३ सेकंद. उलट अंतर काढायचं तर वेग गुणिले वेळ, भागिले दोन. सूत्र निर्दोष आहे. त्याच्याशी आमचं भांडण नाही.

भांडण आहे ते पुढचंच. आमच्या ओळखीतला नववीतला एक मुलगा हे उदाहरण खरं करून बघायला निघाला. सोलापुरात बंद गिरण्यांच्या उंच भिंतींना तोटा नाही. टेपने ५१ मीटर मोजले, मित्राने 'एक-दोन-तीन' म्हणून टाळी वाजवली, याने मोबाईलवरचं घड्याळ दाबलं. ०.५, ०.४, ०.५ असे आकडे आले. त्याने ते तसेच जर्नलमध्ये लिहिले. त्यावर लाल शाईत शेरा आला, 'चूक. उत्तर ०.३.' पोराने तिन्ही आकडे खोडले, तीनदा ०.३ लिहिलं, आणि सही मिळाली.

आता बघा, यात चूक कोणाची? टाळी तीनवर वाजणार हे ठाऊक असतं, म्हणून पहिलं बटण वेळेवर दाबलं जातं. प्रतिध्वनी आला की मात्र आधी कानाने ऐकायचं, मग अंगठ्याने दाबायचं. त्यात सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो. मोजायचे ०.३ आणि चूक ०.२ ची! त्या ०.५ वरून अंतर काढलं तर ५१ मीटरचे ८५ होतात. मुलाचे आकडे प्रामाणिक होते. हा प्रयोग त्या घड्याळाने होतच नाही, हे त्याला सांगायला हवं होतं. उदाहरणात 'वेळ' हा शब्द इतक्या सहज येतो, जणू तो भिंतीवर लिहिलेलाच असतो.

गंमत अशी की या मोहातून न्यूटनही सुटला नाही. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात एक लांब आच्छादित पडवी आहे. तिथे त्याने प्रतिध्वनीवरून आवाजाचा वेग अजमावला. सेकंद मोजणारं बटण त्याच्याकडे नव्हतं. त्याने लंबक घेतला आणि त्याची लांबी कमी-जास्त करत पाहिलं, प्रतिध्वनी या झोक्याच्या आधी येतो की नंतर? त्याला एक आकडा मिळाला नाही, दोन मिळाले: वेग यापेक्षा जास्त, त्यापेक्षा कमी. १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त ही मर्यादांची भाषा आहे. आम्हाला ती फार आवडते. पण १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत काय झालं? गणिताने वेग येत होता सेकंदाला ९७९ फूट, आणि मोजणारे सांगत होते ११४२. मग हवेतल्या कणांची जाडी धरा, बाष्प धरा, असं करत करत न्यूटनने आपलं गणित बरोबर ११४२ वर आणून बसवलं. जर्नलची खाडाखोडच म्हणायची ही! खरं कारण १८१६ मध्ये लाप्लासने दाखवलं. आवाज जाताना हवा दाबली जाते, तापते, आणि ती उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. फरक उघडा ठेवला म्हणून कोणाला तरी त्याचं कारण शोधता आलं.

तर आम्ही त्या मुलाला घेऊन पुन्हा त्या भिंतीशी गेलो. फेब्रुवारीतली सकाळ, वर्दळ कमी. युक्ती जुनीच आहे. टाळ्या एका लयीत वाजवायच्या, अशा की प्रतिध्वनी दोन टाळ्यांच्या बरोबर मधोमध पडावा. म्हणजे दोन टाळ्यांमधलं अंतर प्रतिध्वनीच्या वेळेच्या दुप्पट, सुमारे ०.६ सेकंद. अशी वीस अंतरं मोजली की बारा सेकंद होतात, आणि अंगठ्याची चूक त्यात विरघळते. आम्ही टाळ्या मोजल्या, ११.३ सेकंद आले, वेग निघाला ३६१. आम्ही खूश. पोरगं म्हणालं, "आजोबा, तुम्ही पहिल्या टाळीला एक म्हणालात. पहिली टाळी शून्य!" वीस टाळ्यांत अंतरं एकोणीसच असतात. तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट इथे उपयोगी पडली नाही. पुन्हा मोजलं: ११.६, १२.३, ११.८ सेकंद. वेग आले ३५२, ३३२, ३४६.

आणखी एक गोष्ट. ३४० हा आकडा काही सोलापूरचा नाही. हवेतला वेग साधारण ३३१ अधिक तापमानाच्या ०.६ पट. आपल्या मे महिन्यातल्या ४२ अंशांना तो ३५६ होतो. तीच भिंत, तेच ५१ मीटर, पण वीस अंतरांना १२ ऐवजी साडेअकरा सेकंद. उन्हाळ्यात तिथे उभं राहायची तयारी असेल तर हा फरक कानाने पकडता येण्याजोगा आहे. आणि भिंत तरी एकच कशावरून? विजापूरच्या गोल घुमटात आपण सगळेच सहलीला ओरडून आलोय. आतला व्यास सुमारे ३८ मीटर, जाऊन-येऊन ७६, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा किंवा जरा जास्त. पण तिथे एक टाळी अनेकदा परत येते. घड्याळ कोणत्या प्रतिध्वनीला थांबवायचं? सूत्रातल्या 'भागिले दोन' मध्ये समोर एकच सपाट भिंत आहे, हे गृहीत धरलेलं असतं. पुस्तक ते बोलून दाखवत नाही.

मुलाने आता जर्नलचं नवं पान केलंय. तिन्ही वेळा लिहिल्यात, गणित मांडलंय, आणि उत्तराच्या जागी एक आकडा न देता लिहिलंय: ३३२ ते ३५२ च्या दरम्यान. "सही देतील का हो, आजोबा?" असं त्याने विचारलं. सोमवारी जर्नल द्यायचंय.