जिना, सूर्य आणि महाडचं तळं

मागच्या व्याख्यानात आपण मोर्ले-मिंटोपर्यंत आलो होतो. आज १९१९ चा कायदा. पण कायद्याकडे वळण्याआधी तो सांगायची जी पद्धत आपल्या अंगवळणी पडली आहे, तिच्याबद्दल आमची एक तक्रार आहे.

१८६१, १८९२, १९०९, १९१९, १९३५ आणि मग स्वातंत्र्य. शाळेत आम्हीही हे असंच पाठ केलं. एकेक पायरी चढत आपण स्वराज्यापर्यंत पोचलो, असं चित्र त्यातून उभं राहतं. आता हे चित्र मुळात कुणाचं, ते बघा. २० ऑगस्ट १९१७ ला माँटेग्यूंनी पार्लमेंटमध्ये जाहीर केलं, की जबाबदार राज्यपद्धती हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने मिळेल. १९१९ च्या कायद्याच्या प्रस्तावनेतही तेच आहे, आणि प्रत्येक टप्पा कधी व कसा, हे ब्रिटिश पार्लमेंट ठरवील, असंही आहे. म्हणजे जिन्याची कल्पना राज्यकर्त्यांची. परीक्षेच्या वहीत आपण ती इतिहास म्हणून उतरवतो.

टिळकांनी या सुधारणांवर ‘उजाडले, पण सूर्य कोठे आहे?’ असं केसरीत विचारलं, ते सर्वांना ठाऊक आहे. मथळा जबरदस्तच. तरी पूर्ण आदर ठेवून म्हणावंसं वाटतं, की हा प्रश्नही वर बघूनच विचारलेला आहे. लंडनहून सत्ता किती आली, याचा तो हिशेब आहे. आलेली सत्ता इथे कुणाच्या हातात पडणार, हा दुसरा प्रश्न. तो जानेवारी १९१९ मध्ये मताधिकारासाठी नेमलेल्या साऊथबरो समितीपुढे सिडनहॅम कॉलेजातल्या एका तरुण प्राध्यापकाने मांडला. त्यांचं नाव भीमराव आंबेडकर.

आता कायद्याची यंत्रणा. द्विदल राज्यपद्धती म्हणजे प्रांताच्या कारभाराची सरळ फाळणी. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती. ती कौन्सिलला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे. पोलीस, जमीनमहसूल, अर्थ ही राखीव खाती. ती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. शाळा काढायची मंत्र्याने, पैसे मागायचे मात्र पलीकडच्या बाजूकडे! पुस्तकात हे दोन रकान्यांत छापतात आणि आपण पुढे जातो. आम्हाला इथेच थांबायचं आहे, कारण ही फाळणी प्रत्यक्षात कशी चालली हे एका तळ्याच्या काठावर फार स्वच्छ दिसतं.

४ ऑगस्ट १९२३. मुंबई कौन्सिलमध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत, अशी शिफारस त्यात होती. हो, शिफारस. कौन्सिलचा ठराव सरकारला बांधून घेत नसे. सप्टेंबरात सरकारी आदेश निघाला. सरकारच्या स्वतःच्या जागांपुरती अंमलबजावणी करा, असं खात्यांना सांगितलं. आणि स्थानिक संस्थांच्या ताब्यातल्या जागांचं काय? तिथे कलेक्टरांनी त्या संस्थांना सल्ला द्यायचा, की शिफारस मान्य करणं इष्ट आहे का, याचा विचार करावा. वाक्य पुन्हा ऐका. सल्ला द्यायचा, तोही विचार करण्याचा.

महाड म्युनिसिपालिटीने मात्र विचार केला. १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागदावर काम पूर्ण झालं. तळ्यावर काहीच बदललं नाही. १९२६ मध्ये बोले यांनी पुन्हा ठराव आणला, की न ऐकणाऱ्या संस्थांचं अनुदान बंद करा. नुसत्या सल्ल्याने भागत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

मग २० मार्च १९२७. लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि नंतर त्यांनी मार खाल्ला. ऑगस्टमध्ये म्युनिसिपालिटीने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या सत्याग्रहाआधी दिवाणी कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. इथे एक गोष्ट नीट बघा. म्युनिसिपालिटी म्हणजे स्थानिक स्वराज्य, सोपीव बाजू. बंदोबस्त राखणारे पोलीस राखीव बाजू. ठराव एका खोलीत, दंडुका दुसऱ्या खोलीत. आणि पहिल्या खोलीत बसलेले, मालमत्तेच्या अटीवर निवडून आलेले ‘आपले’ लोकच माघार घेणारे. सूर्य कुठे आहे हा प्रश्न महाडच्या काठावरून विचारला, तर केवळ लंडनकडे बोट दाखवून भागत नाही.

मग हा कायदा निव्वळ पोकळ होता का? तसं आम्ही म्हणणार नाही. कौन्सिल नसतं, तर बोले ठराव मांडायला जागाच नव्हती, आणि ठराव नसता तर आम्ही मंजूर झालेला हक्कच बजावतो आहोत, असं महाडला जमलेल्यांना म्हणता आलं नसतं. कायद्याने दिलं थोडं. त्या थोड्याला लोकांनी दात दिले. जिन्याच्या चित्रात नेमकी हीच माणसं दिसत नाहीत.

तळ्याचा दावा दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने स्पृश्यांचं अपील फेटाळलं. कशाच्या आधारावर? बोले ठरावाच्या नाही, समतेच्या तत्त्वाच्याही नाही. तळं फक्त आम्हीच वापरायचं ही अनादी काळापासूनची रूढी आहे, हा दावा स्पृश्यांना शाबीत करता आला नाही, म्हणून. शाबीत झाला असता तर काय, हे तुम्हीच ताडून बघा.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, १ एप्रिलला, १९३५ च्या कायद्यातली प्रांतिक स्वायत्तता अमलात आली. द्विदल पद्धत प्रांतांतून गेली, मतदार तीन कोटींच्या वर गेले. पुढची पायरी म्हणून आपण ती मोजतो. घरी गेल्यावर एक करा. बोले ठरावातली यादी आणि राज्यघटनेच्या कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमातली विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते ही यादी शेजारी ठेवून वाचा. सार्वजनिक पैशाची अटसुद्धा ओळखीची वाटेल. मग १९३५ च्या कायद्याची तीनशेहून अधिक कलमं चाळा. ही यादी तिथे नाही.