‘पाव’ शब्दाची व्युत्पत्ती : एक चिकित्सा

एखाद्या शब्दाची खोटी वंशावळ कोणी मांडली, तर एरवी कोणाचे फारसे बिघडत नाही. ‘पाव’ या शब्दाच्या बाबतीत मात्र बिघडते. पायाने तुडवलेल्या पिठाचा म्हणून पाव, ही व्युत्पत्ती हसत हसत सांगितली जाते. परंतु मुंबईत गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला ‘माकापाव’ म्हणून चिडवणाऱ्यांना अशाच गोष्टींनी बळ मिळाले. म्हणून तिची चिकित्सा आम्हांस अगत्याची वाटते.

पहिला आक्षेप भाषेचाच. मराठीत पायाला ‘पाव’ म्हणत नाहीत. ‘पांव’ हा शब्द हिंदीचा. दुसरे असे की, बंगालीत पायाला ‘पा’ म्हणतात, तरी तिथे पावाला नाव आहे ‘पाउरुटी’. मुंबई आणि बंगाल यांना जोडणारा दुवा पाय नव्हे, पोर्तुगीज होत. लादीचा चौथा हिस्सा म्हणून पाव, हेही मत टिकत नाही. ‘पाव किलो’मधला पाव संस्कृत ‘पाद’पासून आला, लादीशी संबंध नसलेल्या गोव्याच्या सुट्या उंड्यालाही आपण पावच म्हणतो.

शब्दाचे खरे घराणे उघड आहे. लॅटिन ‘पानिस’, त्यापासून पोर्तुगीज शब्द, आणि त्यापासून आपला पाव. गोव्यात १५१० पासून, वसईत १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीज सत्ता होती. वस्तू आणि नाव बरोबरच आले. गोव्याच्या ‘पोदेर’ाचे नावही पोर्तुगीजच. जपानी भाषेतला ‘पान’ हा आपल्या पावाचा सख्खा भाऊ.

उच्चाराविषयी थोडे. मूळ शब्दाचा शेवट नाकातून होतो. मराठीने तो नाद सोडला आणि ‘व’ ठेवला. हा अपभ्रंश म्हणून हिणवण्याचे कारण नाही. ‘ग्राम’चा गांव, ‘नाम’चे नांव झाले, तिथेही पुढे नाकातला उच्चार गेला आणि १९६२ च्या लेखननियमांनी अनुस्वारही गेला. परका शब्द मराठीच्याच वळणाने चालला, एवढाच याचा अर्थ.

मात्र दोष केवळ इतरांचा नाही. पाहुण्यांपुढे आम्हीही ‘ब्रेड’ म्हणतो आणि ‘पाव’ स्वयंपाकघरात ठेवतो. ज्या शब्दावरून हिणवले गेलो, त्याची लाज आमच्याही मनात उतरली. वास्तविक, लॅटिन प्रार्थना म्हणत वाढलेल्या वडीलधाऱ्यांना प्रभूच्या प्रार्थनेतला ‘पानेम’ आठवत असेल. तो आणि आपला पाव एकाच कुळातले.

आता वडापाव आणि मिसळपाव साऱ्या महाराष्ट्राचे झाले आहेत. खाणाऱ्याला शब्दाचे कूळ ठाऊक नसले तरी चालेल. आपल्या मुलांना मात्र ते ठाऊक असावे. मग शाळेत कोणी पायाची गोष्ट सांगितली, तर ती मान खाली घालणार नाहीत.