कंट्रोल गट म्हणजे कोरी पाटी नव्हे

माझ्या पायलट स्टडीत सगळ्यात लाज आणणारा आकडा माझा स्वतःचाच निघाला.

एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाल्यावर भोसरीतल्या एका छोट्या पेंट शॉपमधल्या कामगारांचे लघवीचे नमुने घेतले होते. थिनरमधलं टोल्युइन श्वासातून आत गेलं की शरीरात त्याचं हिप्प्युरिक अ‍ॅसिड बनतं आणि ते लघवीतून बाहेर पडतं. म्हणून हिप्प्युरिक अ‍ॅसिड हा टोल्युइनचा बायोमार्कर, म्हणजे शरीरात सापडणारी त्याची खूण. तुलनेला 'कंट्रोल' हवा म्हणून मी माझाच नमुना घातला. आणि माझा आकडा तीन पेंटरांपेक्षा जास्त!

मॅडमनी एवढंच विचारलं, "काल दिवसभर काय प्यायलीस?" बाटलीतलं सरबत आणि सहा कप चहा. सरबत टिकावं म्हणून घातलेल्या सोडियम बेन्झोएटचंही शरीरात हिप्प्युरिक अ‍ॅसिडच होतं. चहानेही ते वाढतं. म्हणूनच टोल्युइनसाठी आता ऑर्थो-क्रेसॉल किंवा लघवीत न बदलता आलेलं टोल्युइनच मोजण्याकडे कल आहे.

तेव्हापासून पेपर हातात आला की मी आधी बघते, कंट्रोल गटात कोण आहे? याच नजरेने परवा एक जुना पेपर पुन्हा वाचला. २००७ साली 'जर्नल ऑफ बेसिक अँड क्लिनिकल फिजिओलॉजी अँड फार्माकोलॉजी'मध्ये आलेला. विषय: पश्चिम महाराष्ट्रातले बॅटरी कामगार, चांदीचे कारागीर आणि स्प्रे पेंटर यांच्या यकृतावर आणि मूत्रपिंडावर शिशाचा परिणाम. आपल्या पट्ट्यात काम करायचं असेल तर हा वाचायलाच हवा. अशा छोट्या कामांतल्या माणसांचं रक्त तपासायला फारसं कोणी जात नाही, हे लोक गेले. त्याबद्दल आदर आहेच.

आता आकडे बघा. रक्तातलं शिसं, सरासरी, मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर: बॅटरी कामगार ५३.६, चांदी कारागीर ४८.६, स्प्रे पेंटर २२.३ आणि कंट्रोल १२.५.

सगळ्यांचं लक्ष ५३ वर जातं. माझं १२.५ वर अडलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की ५ किंवा त्याहून जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधा. म्हणजे ज्यांना आपण 'निरोगी' धरलं, तेच या रेषेच्या अडीचपट वर. २००७ मध्ये ही रेषा नव्हती, त्यामुळे लेखकांना दोष देणं अन्यायाचं होईल. शिवाय देशभरात शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं ते २००० साली. मोठ्या माणसाच्या शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास शिसं हाडांत साठतं आणि वर्षानुवर्षं रक्तात झिरपत राहतं. तेव्हा कंट्रोल गट निरोगी असेलही, पण शिशापासून लांब नव्हता.

याने काय बिघडतं? बॅटरी कामगारांचा निष्कर्ष टिकतो, फरकच तेवढा मोठा आहे. मार खातो तो स्प्रे पेंटर. कंट्रोलशी तुलना केली तर तो 'जेमतेम पावणेदोनपट'. ५ शी केली तर चौपटीच्या वर. माणूस तोच, रक्त तेच.

दुसरी शंका यकृताची. स्प्रे पेंटरच्या नाकात शिशाबरोबर थिनरही जातं. टोल्युइन-झायलीनची वेगळी खूण मोजल्याशिवाय यकृतातला बदल एकट्या शिशाच्या नावावर लिहिता येणार नाही.

मग चाकणला कंट्रोल कुठून आणायचा? गेटवरचा वॉचमन? तो दिवसभर त्याच आवारात असतो. पेंटरची बायको? कामाचे कपडे तीच धुते. लांबच्या गावातला शेतकरी घेतला तरी कल्हई, सुरमा, भेसळीची हळद विचारावी लागेल. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम २०१७ पासून लागू आहे, पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरताच. कारखान्यातला रंग त्यात येत नाही.

त्यामुळे सिनॉप्सिस लिहिताना तीन गोष्टी आधीच ठरवा. ही खूण आणखी कशाकशातून येते? ती शरीरात किती काळ टिकते, आणि नमुना शिफ्टच्या आधी घ्यायचा की नंतर? आणि तुलना फक्त कंट्रोलशी करणार, की बाहेरच्या एखाद्या ठरलेल्या रेषेशीही?

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये. पायलटच्या वेळी एका पेंटरकाकांनी विचारलं होतं, "मॅडम, माझं नॉर्मल आहे ना?" मी हसून म्हणाले होते, "काका, माझ्यापेक्षा कमी आहे." पुढच्या खेपेला गेले तर त्यांचा मास्क खिळ्याला अडकवलेला. "तुम्हीच म्हणालात ना," ते म्हणाले.

सरबताची गोष्ट मला त्यांना तिथेच उभं राहून सांगावी लागली.