अकराव्या दिवसाचा नकार

रॉबर्ट कॉर्मिअर या अमेरिकन लेखकाची ‘द चॉकलेट वॉर’ (१९७४) ही कादंबरी कुमारांसाठी लिहिलेली असली, तरी ती वाचून अधिक अस्वस्थ व्हावे ते पालकांनी, असे आम्हांस वाटते. कथा घडते ट्रिनिटी या मुलांच्या कॅथलिक शाळेत. ब्रदर लिऑन निधीसाठी चॉकलेटचे वीस हजार डबे मागवतात. मातृदिनाचे, उरलेले, स्वस्तात मिळालेले. प्रत्येक विद्यार्थ्याने पन्नास विकायचे. नुकतीच आई गमावलेला जेरी रेनॉ मात्र रोज हजेरीला ‘नाही’ म्हणतो.

पहिले दहा दिवस हा नकार त्याचा नसतोच. ‘व्हिजिल्स’ या विद्यार्थ्यांच्या गुप्त टोळीने तो त्याच्यावर लादलेला असतो. मुदत संपते, आता ‘हो’ म्हटले की सुटका. अकराव्या दिवशी जेरी पुन्हा ‘नाही’ म्हणतो, आणि का, हे त्याचे त्यालाही नीट उमगत नाही. लेखकाची किशोरमनाची जाण आम्हांस येथे सर्वांत खरी वाटली. या वयात मोठे निर्णय तत्त्वाच्या भाषेत सुचत नाहीत. शब्द तोंडून निघून जातो, मग त्याला जागावे लागते.

जेरी एकटा पडतो, मार खातो. पण तो हरतो ते शेवटी, रागाच्या भरात टोळीने मांडलेल्या झुंजीला होकार देतो तेव्हा. ठोसा लगावताना क्षणभर सुख, आणि लगेच स्वतःचीच शिसारी.

त्याचा मित्र गूबर याचा प्रसंग छोटा आहे. आम्ही मात्र तेथेच रेंगाळलो. जेरीसाठी त्याने सत्तावीस डब्यांवर विक्री थांबवलेली. तरी त्याच्या नावे पन्नास जाहीर होतात, आणि तो गप्प राहतो. झुंज दुरून पाहत उभे राहणारे ब्रदर लिऑन याच जातीचे.

शेवट फार काळोखा म्हणून काही प्रकाशकांनी तो बदलायला सुचवले होते. कॉर्मिअर बधले नाहीत, हे बरेच झाले. आमची तक्रार असलीच तर ती जेरीच्या वडिलांविषयी. ते घरात असून नसल्यासारखे. त्यांचे चित्र आणखी थोडे भरायला हवे होते. कारण कादंबरीचे बीज घरातलेच आहे. कॉर्मिअर यांच्या मुलानेही शाळेची चॉकलेटे विकायचे नाकारले होते. त्याने ते घरी सांगितले, वडिलांनी पाठिंब्याची चिठ्ठी दिली, आणि पुढे काहीच अघटित घडले नाही.