जुना खेळ, नवें यंत्र

बिरसी येथील एका स्नेह्यांच्या घरीं, जपून ठेवलेल्या फ्लॉपीवरील ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा संगणकीय खेळ नव्या यंत्रावर चाललेला आम्हीं पाहिला. जॉर्डन मेकनर यांची ही कृति १९८९ सालची. धाकट्या भावाच्या धावण्या-उडण्याचें चित्रीकरण करून त्यांनीं नायकाची चाल रेखाटली; मुदत साठच मिनिटांची. शत्रूहून काळ अधिक निष्ठुर, हा यांतील रस अद्याप ओसरलेला नाहीं.

नवीं यंत्रें असा खेळ सहसा ओळखीत नाहींत. २००२ सालीं निघालेली ‘डॉसबॉक्स’ ही मुक्त आज्ञावली जुन्या यंत्राची नक्कल करते, आणि खेळ जुन्याच घरीं असल्यासारखा चालूं लागतो.

मालकीचें काय? आपला १९५७ चा कायदा आज्ञावलीस वाङ्मयकृति मानतो. तिचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर साठ वर्षें टिकतो. मात्र ५२ व्या कलमान्वयें रीतसर प्रत बाळगणारास, ती ज्या कामासाठीं मिळाली त्यासाठीं व जपणुकीसाठीं, नक्कल करण्याची मुभा आहे. तेव्हां आमचे स्नेही निर्दोष. गांवभर प्रती वाटणारा मात्र नव्हे.

परंतु हक्क संपेपर्यंत फ्लॉपी टिकेल काय? मेकनर यांनीं हरवलेली मूळ आज्ञावली २०१२ सालीं सांपडतांच प्रसिद्ध केली. इतर हक्कदारांनींही कृति विकावी, नाहीं तर ग्रंथालयांस जतन करूं द्यावी. स्वतः न विकतां दुसऱ्यास अडविणें, हें आमच्या मतें रक्षण नव्हे, अडवणूक होय.