मासिकाच्या मेजावरील साहित्य

मराठींत साहित्यिक कोणास म्हणावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. कादंबरी, नाटक किंवा काव्य लिहिणारास ही पदवी विनातक्रार मिळते. परंतु ज्यानें आयुष्यांतील उत्तम वर्षें एका मासिकाच्या मेजापाशीं घालविलीं, दुसऱ्यांचें लेखन निवडलें, तपासलें, मुद्रितें वाचलीं, आणि उरल्या वेळांत आपलीं पुस्तकें लिहिलीं, त्याच्याविषयीं 'गृहस्थ संपादक म्हणून ठीक. पण साहित्यांत त्यांचें स्थान कोणतें?' असें विचारण्याची आपल्याकडे चाल आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजीं निवर्तले. त्यांच्याविषयीं हा प्रश्न उपस्थित होणें स्वाभाविक आहे. आणि त्याचें उत्तर केवळ आदरानें किंवा केवळ अनादरानें न देतां त्यांच्या लेखनाकडे पाहून द्यावें, असें आम्हांस वाटतें.

सप्टेंबर २०१९ मध्यें उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, येथें भरावयाच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीं त्यांची निवड झाली. एक ख्रिस्ती धर्मगुरु या पदावर बसणार, एवढ्याच कारणावरून कांहीं मंडळींनीं त्या निवडीस विरोध केला. या आक्षेपाचा परामर्श घेण्यास फारसें श्रम नकोत. फादर स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' गोव्यांत रायतूर येथें १६१६ मध्यें छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ एका इंग्रज जेझुइटानें मराठींत रचिला. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ चें. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' वगळून मराठी वाङ्मयाचा इतिहास कोणास लिहितां येईल काय? ज्या भाषेनें चारशें वर्षें ही मंडळी आपलीं मानलीं, तिला एका अध्यक्षाचा धर्म जड वाटण्याचें कारण नाहीं.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन आहे आणि त्यास अधिक वजन आहे. तो असा कीं, फादर दिब्रिटो हे मुळांत उपदेशक व पत्रकार. त्यांचें लेखन प्रसंगानें उत्पन्न झालें, प्रसंगाबरोबर तें मावळणार. या आक्षेपामागें एक गृहीत गोष्ट आहे. ती ही कीं, नियतकालिकाचें रोजचें काम हा साहित्याच्या वाटेंतील अडथळा होय. आमचें म्हणणें याच्या उलट आहे. फादर दिब्रिटो यांच्या गद्यांत जें चांगलें आहे तें त्या मेजावरच घडलें; आणि त्यांत जें उणें आहे त्याचेंहि मूळ बव्हंशीं तेथेंच सांपडतें.

मराठी गद्याचा इतिहास पाहिला तर यांत नवल वाटूं नये. १८३२ मध्यें बाळशास्त्री जांभेकरांनीं 'दर्पण' काढलें तेव्हांपासून आमचें गद्य पत्रांच्या व मासिकांच्या अंगणांतच वाढलें आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्यें सुरू झाली. ती दरमहा काढण्याचें बंधन नसतें तर ते निबंध लिहिले गेले असते किंवा नाहीं, कोण सांगेल? आगरकरांनीं १८८८ मध्यें 'सुधारक' काढला. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० मध्यें 'करमणूक' सुरू केलें, आणि 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्याच पत्रांतून क्रमशः आली. टिळक 'ज्ञानोदया'चा मराठी विभाग आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९१९ पर्यंत, संभाळीत होते. तेव्हां संपादकाचें मेज ही मराठींत परक्याची जागा नव्हे. ती घरचीच आहे.

'सुवार्ता' हें वसईचें ख्रिस्ती समाजाचें मराठी मासिक. फादर दिब्रिटो १९७२ मध्यें धर्मगुरु झाले, आणि १९८३ पासून २००७ पर्यंत या मासिकाचे मुख्य संपादक होते. चोवीस वर्षें म्हणजे अडीचशेंहून अधिक अंक. धर्मगुरूचा दिवस मूळचाच स्वतःचा नसतो. सकाळची मिस्सा, आजाऱ्यांच्या भेटी, लग्नाचीं बोलणीं, मयताचे विधि, घराघरांतील तंटे. आणि त्यांत भर म्हणून महिना भरत आला कीं छापखान्याचा तगादा. लेखकास एकांत हवा असतो असें आपण मानतों, तो एकांत या दिनक्रमांत कोठून असणार? पण एकांताच्या बदल्यांत या दिनक्रमानें त्यांस दुसरें कांहीं दिलें, आणि तें त्यांच्या पानापानांतून दिसतें.

पहिलें देणें म्हणजे ओळखीचा वाचक. ग्रंथकार बहुधा अज्ञात वाचकासाठीं लिहितो. मासिकाच्या संपादकास आपला वाचक चेहऱ्यानें ठाऊक असतो. बागेंतील काम आटोपून आलेला शेतकरी, विरार गाडींतून दमून उतरलेला कारकून, मुलांस निजवून अंक हातीं घेणारी गृहिणी, यांच्यासाठीं लिहावयाचें तर वाक्य लांबवून चालत नाहीं. फादर दिब्रिटो यांचें वाक्य आखूड, सरळ आणि बोलतें आहे. त्यांत पांडित्य नाहीं असें नव्हे; पण तें मिरवलेलें नाहीं.

दुसरें देणें अधिक महत्त्वाचें. ख्रिस्ती समाजाचें हें मासिक त्यांनीं त्या समाजापुरतें ठेविलें नाहीं; त्याचा संबंध एकंदर मराठी साहित्याशीं व सामाजिक प्रश्नांशीं जोडिला. याचा परिणाम असा झाला कीं, त्यांस एकाच लेखांत दोन वाचकांशीं बोलावें लागलें. एकास बायबलांतील कथा लहानपणापासून पाठ, पण ज्ञानेश्वर-तुकाराम पाठ्यपुस्तकापुरते ठाऊक. दुसऱ्यास संतवाङ्मय घरचें, पण येशू ख्रिस्ताच्या चरित्राची ओळख नाताळच्या सुट्टीपलीकडे नाहीं. पहिल्यास कंटाळा न आणतां दुसऱ्यास समजावून सांगणें ही मोठी कसरत आहे. ती महिन्यामागून महिना केल्यामुळें त्यांच्या भाषेंतून मिशनरी मराठीचा तो जुना अवघडलेपणा गळून पडला.

याचें सर्वांत मोठें फळ म्हणजे राजहंस प्रकाशनानें काढलेलें 'सुबोध बायबल'. मराठींत बायबल आणण्याचा उद्योग जुना आहे. विल्यम कॅरे यांनीं श्रीरामपूर येथें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच त्यास हात घातला होता. पंडिता रमाबाई मूळ भाषांवरून भाषांतर करण्यांत १९२२ मध्यें मृत्यु येईपर्यंत खपल्या. रमाबाईंपुढें मुख्य प्रश्न मूळाशीं इमान राखण्याचा होता. फादर दिब्रिटो यांच्यापुढें त्याबरोबर आणखी एक प्रश्न होता: ज्याच्या घरीं हा ग्रंथ कधीं उघडला गेला नाहीं, त्या मराठी माणसाच्या हातीं तो कसा द्यावा? हा प्रश्न भाषांतरकाराइतकाच संपादकाचा आहे. शब्द निवडतांना, पार्श्वभूमि समजावून देतांना, वाचक कोठें अडखळेल हें आधींच ओळखून तेथें हात पुढें करतांना, चोवीस वर्षांचा सराव कामीं आलेला दिसतो. 'सुबोध' हें विशेषण पुष्कळ पुस्तकांस लावतात. येथें तें शोभतें.

तिसऱ्या देण्यास आम्ही पुढचा महिना म्हणतों. पुस्तक लिहून झालें कीं ग्रंथकार मोकळा होतो. संपादकास पुढच्या महिन्यांत त्याच वाचकापुढें पुनः उभें राहावें लागतें. वसईसारख्या ठिकाणीं तर महिनाहि लांब. लिहिलें त्याचें उत्तर दुसऱ्या दिवशीं रस्त्यावर मिळतें. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वसईच्या वाड्या, केळीच्या बागा, विहिरी यांवर बांधकामाचा लोंढा येऊं लागला. त्या काळीं 'हरित वसई संरक्षण समिती'च्या द्वारें फादर दिब्रिटो त्याविरुद्ध उभे राहिले, राजकीय गुंडगिरीविरुद्ध बोलले, आणि हे प्रश्न 'सुवार्ते'च्या पानांवरहि आले. दूर मुंबईपुण्यास बसून अशा गोष्टींवर लिहिणें निराळें, आणि ज्यांच्याविरुद्ध लिहावयाचें त्यांच्याच गांवांत पायीं हिंडणें निराळें. अशा लेखनांत अतिशयोक्ति परवडत नाहीं. एक खोटा तपशील सर्व बाजू बुडवितो. त्यांच्या सामाजिक लेखनांत शिवीगाळ नाहीं, आरडाओरड नाहीं, आणि माघारहि नाहीं. याचें श्रेय त्यांच्या स्वभावास आहेच. पण पुढच्या महिन्याच्या या धाकासहि तें दिलें पाहिजे. लेखकानें आपल्या शब्दास जबाबदार असावें असें आपण नेहमीं म्हणतों. ती जबाबदारी व्याख्यानांनीं येत नाहीं. ती अशा बांधिलकीनें येते.

येथवर आम्हीं गुणांचें वर्णन केलें. टीकाकारानें दुसरी बाजू सांगितली नाहीं तर त्याच्या स्तुतीसहि किंमत राहत नाहीं. फादर दिब्रिटो यांच्या पुष्कळ लेखांचा शेवट आधींच कळतो. प्रश्न मांडला जातो, त्यांतील वेदना खरी असते, वाचक अस्वस्थ होऊं लागतो. आणि तोंच एक सद्विचार येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवितो. व्यासपीठावर हें योग्य असेल. कारण समोरच्या माणसास दिलासा देऊन घरीं पाठविणें हें धर्मगुरूचें कामच आहे. पण वाङ्मयांत कांहीं प्रश्न उघडे ठेवावे लागतात. 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' या पुस्तकाचा विषयच असा कीं, इस्रायल आणि पॅलेस्टाईन यांच्या भांडणांत सलोख्याचा शब्द उच्चारणें सोपें, पण तो कोणत्या जमिनीवर उभा राहावा हें सांगणें दुर्घट. अशा विषयाकडे वळण्याचें त्यांचें धैर्य आम्हांस मान्य आहे. तरी समेटाची त्यांची स्वाभाविक ओढ अशा ठिकाणीं लेखकास कधीं पुढें नेते, तर कधीं थोडी लौकर थांबविते, असें आमचें मत आहे.

दुसरें उणें अधिक सूक्ष्म आहे. नंदाखाल व त्याच्या आसपासचा मुलूख हा सामवेदी ख्रिस्ती कुटुंबांचा. त्यांची घरची बोली कादोडी. वसईंत वाडवळी आहे, इतर बोली आहेत; त्यांत शेतीचे, विहिरीचे, सुकेळीं वाळविण्याचे, सणवाराचे असे शब्द आहेत कीं ज्यांस प्रमाण मराठींत जोडच नाहीं. फादर दिब्रिटो याच मातींतले. पण त्यांचें गद्य प्रामुख्यानें प्रमाण मराठींत नांदतें. कारण उघड आहे. ज्यास सर्व महाराष्ट्राशीं बोलावयाचें, आणि आपला समाज मराठीच आहे हें ज्यास पदोपदीं सिद्ध करावें लागतें, तो घरची बोली उंबरठ्याच्या आंत ठेवून बाहेर पडतो. यांत दोष एकट्या लेखकाचा नाहीं. ज्या वाचकवर्गानें २०१९ मध्येंहि त्यांच्या मराठीपणाविषयीं शंका घेऊं दिली, त्यानें, म्हणजे तुम्हीं आम्हीं, या हानीचा वांटा आपल्याकडे घेतला पाहिजे. आज वसई-विरार ही महानगरपालिका आहे. २००९ मध्यें ती झाली. बागांच्या जागीं इमारती आल्या तेव्हां त्या बागांचे शब्दहि ओसरूं लागले. हरित वसईसाठीं ज्यानें लढा दिला, त्याच्या गद्यांत त्या हिरवळीची बोली अधिक असती तर ती पुढील पिढीस मोठा आधार झाली असती.

असो. जानेवारी २०२० मध्यें प्रकृति बरी नसतांहि फादर दिब्रिटो संमेलनास गेले. तेथें त्यांस मिळालेला मान हा एका पुस्तकाचा नव्हता, आणि तसा तो समजूंहि नये. मासिकाच्या मेजावर बसून एका लहान समाजास सर्व मराठी वाचकांशीं, आणि सर्व मराठी वाचकांस त्या लहान समाजाशीं बोलतें करणाऱ्या दीर्घ श्रमाचा तो मान होता. 'ओॲसिसच्या शोधात' हें प्रवासवर्णन किंवा 'नाही मी एकला' हें आत्मकथन वाचणारांस त्यांची ओळख होईलच. पण तो श्रम पाहावयाचा असेल तर 'सुवार्ते'चे जुने अंक उघडले पाहिजेत. त्या चोवीस वर्षांतील संपादकीय लेखनाची निवड करणारानें ती कालक्रमानें करावी. कोणत्या प्रसंगीं काय लिहिलें, वाचकांनीं त्यावर काय उत्तर दिलें, पुढच्या महिन्यांत संपादकानें आपलें म्हणणें कोठें बदललें व कोठें तसेंच ठेविलें, हें त्यांत दिसावें. केवळ सुभाषितें वेंचून काढलीं तर उपदेशक तेवढा हातीं लागेल. लेखक निसटून जाईल.

अशी निवड वाचून झाल्यावरहि कोणास फादर दिब्रिटो हे थोर साहित्यिक वाटणार नाहींत, तर तो मतभेद आम्ही आनंदानें सहन करूं. पण ते साहित्यिकच नव्हेत असें म्हणणारास मग 'निबंधमाला' आणि 'सुधारक' यांविषयींहि तेंच म्हणावें लागेल. आणि तितकें धाडस, आमची खात्री आहे, कोणी करणार नाहीं.